खाशाबा जाधव : गहाण घराची गोष्ट



मी आज एका पहिलवानावर बोलणार म्हटल्यावर काहीजणी गालातल्या गालात हसल्या. बायकांच्या मंडळात कुस्तीचे काय काम? पण आपण वर्गणी काढतो, अडल्यानडल्या मैत्रिणीला हात देतो. म्हणून ही गोष्ट आपलीच आहे.

कऱ्हाडजवळच्या गोळेश्वर गावी 1926 साली खाशाबांचा जन्म झाला. वडील दादासाहेब स्वतः पहिलवान, तेव्हा कुस्तीचे बाळकडू घरीच मिळाले. अंगाने ते धिप्पाड नव्हते. चपळाई मात्र विलक्षण. 1948 साली कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीने ते लंडनच्या ऑलिंपिकला गेले. लाल मातीत वाढलेला हा गडी तेथे प्रथमच गादीवर उतरला आणि तरीही सहावा आला.

1952 साली हेलसिंकीला जायचे, तर गाठीला पैसा नाही. गावकऱ्यांनी वर्गणी जमवली. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी तर आपले घर गहाण टाकून 7,000 रुपये उभे केले. भगिनींनो, घर गहाण पडले की रात्री झोप कशी लागते, हे आपण बायकाच जाणतो!

खाशाबांनी त्या विश्वासाचे चीज केले. कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना हरवून त्यांनी कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. कऱ्हाडला शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली.

पण मला मोठी वाटते ती पुढची गोष्ट. गळ्यातले हार उतरल्यावर त्यांनी कुस्त्यांचे मैदान भरवले आणि त्या पैशातून गुरूंचे घर सोडवून दिले. पदकाने त्यांची कीर्ती कळते, या एका गोष्टीने माणूस कळतो.

देशाला मात्र हे ऋण फेडायला फार उशीर झाला. पोलीस खात्यात इमानाने नोकरी केलेले खाशाबा 1984 साली अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो 2000 साली, मरणोत्तर.

2016 साली साक्षी मलिक या मुलीने कुस्तीतच ऑलिंपिक पदक आणले. उद्या आपल्या आळीतली एखादी पोर "मला तालमीत जायचंय" म्हणाली, तर तिला हसू नका. तिच्यामागे उभ्या राहा, आणि कौतुक वेळेवर करा. एवढेच माझे मागणे.