पेपर बदलला, पोरगं तेच आहे

घरात कुणी दहावीला आहे? मग आजचा भाग तुमच्यासाठी.

2019 चा दहावीचा निकाल आठवतोय? आदल्या वर्षी राज्याचा निकाल 89.41 टक्के होता, तो एकदम 77.10 वर आला. पोरं एका वर्षात ढ झाली का? अजिबात नाही. भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे शाळेकडचे 20 गुण बंद झाले होते, भाषेला नवी कृतिपत्रिका आली होती. पुढच्याच वर्षी ते 20 गुण परत आले.

माझा मामेभाऊ त्याच बॅचचा. त्याला 71 टक्के, ताईला आदल्या वर्षी 84. मामाने पेढेच आणले नाहीत. आणि मी? मी म्हटलं, ‘अभ्यास कमी पडला रे तुझा.’ दोन दिवस तो नीट जेवला नाही. ते वाक्य मला अजून टोचतं.

आता सीबीएसईने 2026 पासून दहावीला दोन परीक्षा आणल्यात. पहिली सगळ्यांनी द्यायचीच. दुसरीत जास्तीत जास्त तीन विषयांचे गुण सुधारता येतात. म्हणजे आता घरोघरी नवं वाक्य, ‘तुला तर दोन चान्स आहेत!’

दादा-ताई लोकांनो, त्यापेक्षा त्याच्याशेजारी बसा. नवा आराखडा दोघं मिळून वाचा. घड्याळ लावून एक सराव पेपर सोडवून घ्या. आणि आपले टक्के त्याला सांगू नका. आपला पेपरच वेगळा होता.

चला, भेटू पुढच्या भागात!