वारेची रक्तातली खूण

विसाव्या आठवड्यानंतर रक्तदाब १४०/९० वर पोचला आणि लघवीतून प्रथिने जाऊ लागली, किंवा यकृत, मूत्रपिंड, मेंदू यांवर ताण दिसू लागला, की प्रीएक्लॅम्पसिया ओळखू येतो. त्याचे मूळ मात्र कितीतरी आधी पडलेले असते. वार रुजताना तिच्या पेशी गर्भाशयातल्या नागमोडी धमन्यांत शिरतात आणि त्या अरुंद, आवळत्या नळ्यांचे रुंद, सैल पाट करून टाकतात. हे काम अर्धवट राहिले तर बाळ वाढते, रक्ताची गरज वाढते आणि पुरवठा तोकडा पडतो. ओमानमधल्या निझव्याचा फलज दारिस हा जुना पाट ज्याने पाहिला आहे त्याला हे लगेच उमगते: पाट तोंडाशीच चिंचोळा राहिला, तर खालच्या खजुराच्या बागेला पाणी पुरत नाही.

उपाशी वार आईच्या रक्तात एसएफएलटी-१ नावाचे प्रथिन सोडू लागते. रक्तवाहिन्यांचे अस्तर निरोगी ठेवणारी व्हीईजीएफ आणि पीएलजीएफ ही दोन द्रव्ये हे प्रथिन बांधून ठेवते. अस्तर बिघडते, रक्तदाब चढतो, मूत्रपिंडाची गाळणी गळू लागते. बोस्टनमधील डॉ. अनंत करुमांची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये गाभण उंदरांना एसएफएलटी-१ देऊन रक्तदाब, लघवीतील प्रथिने आणि मूत्रपिंडातील नेमका तसाच बिघाड घडवून दाखवला. कर्करोगात व्हीईजीएफ अडवणारी औषधे घेणाऱ्या रुग्णांनाही रक्तदाब आणि लघवीत प्रथिने हाच त्रास होतो. दोन वेगळ्या वाटांनी आलेला हा पुरावा एकमेकांना घट्ट धरतो. २००४ मध्ये साठवलेल्या रक्तनमुन्यांवरून दिसले, की लक्षणे उमटण्याच्या सुमारे पाच आठवडे आधीच एसएफएलटी-१ चढू लागते आणि पीएलजीएफची पातळी त्याहूनही आधीपासून कमी असते.

या दोन आकड्यांच्या गुणोत्तरावर आजची चाचणी उभी आहे. चौदा देशांत झालेल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रोग्नॉसिस अभ्यासात २४ ते ३६ आठवड्यांच्या, आजाराची शंका आलेल्या स्त्रियांचे रक्त तपासले गेले. गुणोत्तर ३८ किंवा त्याखाली असेल, तर पुढच्या आठवड्यात प्रीएक्लॅम्पसिया होणार नाही हे उत्तर ९९.३ टक्के वेळा खरे निघाले. ३८ च्या वर असलेल्यांपैकी चार आठवड्यांत आजार झाला तो ३६.७ टक्के स्त्रियांना. चाचणीचे ‘नाही’ भक्कम आहे, तिचे ‘हो’ अजून कच्चे आहे, आणि ते रुग्णाला सांगताना हा फरक शब्दांत उतरलाच पाहिजे. ब्रिटनमधल्या पॅरट अभ्यासात पीएलजीएफचा निकाल डॉक्टरांच्या हाती दिल्यावर निदानाला लागणारा वेळ ४.१ दिवसांवरून १.९ दिवसांवर आला. अमेरिकेने अशा गुणोत्तर-चाचणीला २०२३ मध्ये मान्यता दिली. तिथे सीमारेषा ४० ची आहे. वेगवेगळ्या कंपन्यांच्या यंत्रांचे आकडे एकाच मापाने वाचता येत नाहीत.

ही चाचणी शंका आल्यानंतरची. त्याआधीची पायरी ११ ते १४ आठवड्यांत येते. तेव्हा आईचा पूर्वेतिहास, सरासरी रक्तदाब, गर्भाशयाच्या धमनीचा डॉपलर आणि पीएलजीएफ एकत्र मांडून जोखीम काढतात. इथे हाती उपाय आहे, म्हणून या पायरीचे मोल मोठे. २०१७ च्या अ‍ॅस्प्रे अभ्यासात अशा जोखमीच्या स्त्रियांना रोज रात्री १५० मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन ३६ आठवड्यांपर्यंत दिले गेले. ३७ आठवड्यांआधी बाळंतपण घडवून आणणारा आजार ४.३ टक्क्यांवरून १.६ टक्क्यांवर आला. विसाव्या आठवड्यानंतर गोळी सुरू केली तर एवढा लाभ मिळत नाही.

ओमानमध्ये या चाचणीची गरज दोन कारणांनी तीव्र आहे. पहिले कारण जोखमीचे. मधुमेह आणि स्थूलता इथे सर्रास आढळतात, आणि रक्ताच्या नात्यातली लग्ने निम्म्याच्या आसपास आहेत. सुमारे ६ टक्के ओमानी लोक सिकलसेलचे वाहक आहेत, आणि नात्यातल्या लग्नांत हा आजार पुढच्या पिढीत उतरण्याची शक्यता वाढते. गडचिरोली-नंदुरबारमध्ये काम केलेल्या मराठी डॉक्टरला सिकलसेलची गरोदर स्त्री नवी नाही. सिकलसेलचा आजार असलेल्या स्त्रीचा नेहमीचा रक्तदाब बहुधा कमीच असतो. म्हणून ती १४०/९० ला पोचेपर्यंत उशीर झालेला असू शकतो. तिच्याबाबतीत गुणोत्तराचा आधार मोलाचा ठरेल, पण वारेचे आकडे सिकलसेलमध्ये कसे वागतात हे वेगळे तपासल्याशिवाय ३८ ची रेषा तिला जशीच्या तशी लावणे धाडसाचे होईल.

दुसरे कारण अंतराचे. सलालाह ते मस्कत सुमारे एक हजार किलोमीटर. उत्तरेकडच्या खसबला रस्त्याने जायचे तर मधे दुसऱ्या देशाची सीमा लागते. मसिराह बेटावर बोटीने जावे लागते. डोकेदुखी आणि किंचित चढलेला रक्तदाब एवढ्यावरच एखाद्या बाईला घरापासून तोडून मस्कतच्या रॉयल हॉस्पिटल किंवा सुलतान काबूस विद्यापीठ रुग्णालयात आठवडाभर ठेवावे का, हा तिथल्या डॉक्टरचा रोजचा पेच. गुणोत्तर ३८ च्या आत असेल, तर ती घरी राहून दोन दिवसांनी रक्तदाब दाखवू शकते. वर असेल, तर आजार वाढून झटके येण्याआधी प्रवास होतो. ओमानमध्ये जवळजवळ सर्व बाळंतपणे रुग्णालयात होतात आणि सरकारी आरोग्यसेवेत ‘अल शिफा’ ही संगणकीय नोंदपद्धत आहे. ओमानी स्त्रियांचे स्वतःचे सरासरी आकडे ठरवायला याहून चांगली जमीन क्वचितच मिळेल. ते ठरवणे गरजेचेही आहे, कारण जोखमीचे गणित मुळात लंडन परिसरातल्या स्त्रियांवर बसवलेले आहे.

मस्कतमधल्या मराठी घरांत आणखी एक प्रवास असतो. सातव्या महिन्यात डोहाळजेवण होते आणि मुलगी बाळंतपणाला माहेरी जायला मुंबईच्या विमानात बसते. आजार उघड होण्याची शक्यता त्याच सुमारास वाढू लागते. जोखीम असलेल्या स्त्रीच्या सामानात रक्तदाबाच्या नोंदी, अ‍ॅस्पिरिन सुरू केल्याची तारीख आणि गुणोत्तर काढले असेल तर यंत्राच्या नावासह त्याचा आकडा, एवढे हवेच. एका आठवड्यापुरता दिलासा देणाऱ्या निकालावर महिन्याभराचा प्रवास बेतता येत नाही.

निकाल वाईट आला तरी केवळ आकड्यावरून प्रसूती करायची नसते. बाळाची फुप्फुसे पक्व होण्यासाठी स्टेरॉइडची इंजेक्शने, रक्तदाबाची औषधे, आणि आजार तीव्र झाला तर मॅग्नेशियम सल्फेट. २००२ च्या मॅगपाय अभ्यासात या स्वस्त औषधाने झटक्यांची शक्यता निम्म्याहून कमी केली. वार बाहेर पडणे हाच आजारावरचा उपाय. त्यानंतर एसएफएलटी-१ काही दिवसांत ओसरते, पण रक्तदाब तिसऱ्या ते सहाव्या दिवशी पुन्हा चढू शकतो आणि झटके तेव्हाही येतात. म्हणून बाळंतिणीचा रक्तदाब घरी गेल्यावरही मोजायचा, सहा ते बारा आठवड्यांनी पुन्हा पाहायचा, आणि तिच्या कागदावर हा आजार ठळक लिहायचा. पुढच्या गरोदरपणात बाराव्या आठवड्याला अ‍ॅस्पिरिन कोणाला द्यायचे हे ठरवताना हीच नोंद कामी येते.