गाळलेलं कडवं

(जवळा बाजार इथं १४ जानेवारीला, नामविस्तार दिनाच्या कार्यक्रमात केलेलं भाषण. बोललो तसं दिलंय. एकही शिवी गाळलेली नाही.)



ज्या गावाच्या नावातच बाजार आहे तिथं विकलं जाण्यावर बोलायला मला मुंबईहून बोलावलं, हे भारीच झालं. तुम्हाला काय सांगावं? हळदीचा भाव पिकवणारा ठरवत नाही हे इथं शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. विषय दिलाय, 'आंबेडकरी गायक विकला गेला आहे काय?' चिठ्ठी वाचली आणि हसू आलं. कारण 'विकला गेला' ही आपल्या वस्तीतली सगळ्यात स्वस्त शिवी. कुणी नवी गाडी घेतली, विकला गेला. कुणाची पोरगी टीव्हीवर गायली, विकली गेली. आणि ज्यानं खरंच सौदा केला तो शाल पांघरून पहिल्या रांगेत बसलेला असतो, त्याच्यासाठी आपणच पाण्याची बाटली शोधत फिरतो.

म्हणून आधी विकणं म्हंजे काय ते बघू. मी गोदीत माल उचलतो. पाळी भरली की पैसे. मी माझे खांदे विकतो, कंबर विकते, रोज विकते. त्याला कुणी गद्दारी म्हणत नाही, मजुरी म्हणतात. मग गाणाऱ्यानं गळा भाड्यानं दिला तर त्यालाच तेवढी गद्दारी कामून म्हणायची? रात्रभर हार्मोनियमवर बसायचं, पहाटे टेम्पोत बसून दुसऱ्या गावाला जायचं, ढोलकीवाल्याला, कोरसवाल्याला पैसे वाटायचे, उरलेल्यात घर चालवायचं. हे कामच आहे. त्याला फुकट गा म्हणणारा माणूस चळवळीचा नाही, तो जुना पाटीलच. बलुत्याची सवय गेलेली नाही.

प्रल्हाद शिंद्यांचं घ्या. वामनदादा कर्डक आणि प्रल्हाद शिंदे २००४ सालीच गेले, महिना-सव्वा महिन्याच्या अंतरानं. एकानं जन्मभर बाबासाहेब गायले, खेडोपाडी पायपीट केली. दुसऱ्यानं बाबासाहेबही गायले आणि विठ्ठलही गायला. आषाढीला सगळ्या महाराष्ट्राच्या कर्ण्यांतून जो आवाज निघतो तो आमच्या माणसाचा आहे. आमच्यातले कडक लोक म्हणतात, १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला बावीस प्रतिज्ञा घेतल्यावर विठ्ठल गाणं म्हंजे बाटणं. मला ते पटत नाही. कॅसेट कंपनीला जे खपतं ते तिनं मागितलं, त्यानं गळ्याची मजुरी केली, आणि त्याच गळ्यातून भीमगीत काढताना आवाज एक पट्टीही खाली आणला नाही. देवळाच्या कर्ण्याला आमचा गळा लागला, ही लाज त्यांची आहे. आपली कशी?

पण थांबा, हे एवढं सरळ नाही. पठ्ठे बापूराव आणि पवळा यांच्या फडाच्या कमाईतून सत्याग्रहासाठी पैसे द्यायचे होते आणि बाबासाहेबांनी ते नाकारले, असं जुनी माणसं सांगतात. आमच्या बाया नाचवून मिळालेला पैसा नको. म्हंजे पैशालाही वास असतो. पण त्याच तमाशाच्या अंगातून आंबेडकरी जलसा निघाला, बाबासाहेबांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. भीमराव कर्डकांसारख्यांनी ढोलकी ठेवली, सवाल-जवाब ठेवले, बतावणी ठेवली. बायांचा नाच काढला. गणपतीच्या जागी शिक्षण आणलं, पाणवठा आणला, सत्याग्रह आणला. गाळणं इथंही झालं. पण गाळायचं काय हे गाणाऱ्यांनी आणि त्यांच्या माणसांनी ठरवलं. पहिल्या रांगेत बसलेल्या कुणी सावकारानं नाही ठरवलं. माझं सगळं बोलणं या एका फरकावर उभं हाये.

आता थोडं विलायतेत जाऊन येऊ. १९७६-७७ च्या सुमाराला लंडनच्या बेकार पोरांनी पंक नावाचं संगीत काढलं. शिक्षण नको, उस्ताद नको, तीन सूर आले की गिटार धरायची आणि सत्तेला शिव्या घालायच्या. आपल्या लघुअनियतकालिकासारख्या त्यांच्याही हातानं चिकटवलेल्या, टाचण्या मारलेल्या पत्रिका होत्या. द क्लॅश नावाच्या बँडनं जानेवारी १९७७ मध्ये सीबीएस या बड्या कंपनीशी करार केला, एक लाख पौंडाचा. 'स्निफिन ग्लू' नावाच्या पत्रिकेच्या संपादकानं लगेच जाहीर करून टाकलं की त्या दिवशी पंक मेलं. बघा, विकला गेला ही शिवी तिकडंही तितकीच स्वस्त! पण १९८० मध्ये याच क्लॅशनं तीन रेकॉर्डींचा संच स्वस्तात विकायला कंपनीला भाग पाडलं आणि त्यापायी स्वतःच्या रॉयल्टीवर पाणी सोडलं. करार होता, कंपनी होती, तरी ठराविक जागी 'नाही' म्हणायची ताकद उरली होती. दुसरे चम्बावंबा. आधी ईएमआय कंपनीला शिव्या देणारे, १९९७ मध्ये तिच्याच घरात गेले. दोस्तांनी तोंडावर थुंकायचं बाकी ठेवलं. २००२ मध्ये जनरल मोटर्सनं मोटारीच्या जाहिरातीसाठी त्यांचं गाणं मागितलं. त्यांनी दिलं, पैसे घेतले, आणि बड्या कंपन्यांच्या मागं लागणाऱ्या संघटनांना देऊन टाकले. मला हे फार चलाखीचं वाटतं, पूर्ण पटत नाही. गाणं तर मोटारीखाली गेलंच ना. पण त्यांना विकले गेले म्हणायला माझी जीभ वळत नाही.

जीभ कुठं वळते ते सांगतो. आम्ही गोदीवाले पोत्यात काय आहे ते विचारत नाही. साखर असो, खत असो, खांद्यावर घ्यायचं. पण फेब्रुवारी २०२४ मध्ये वॉटर ट्रान्सपोर्ट वर्कर्स फेडरेशन ऑफ इंडियानं जाहीर केलं, इस्रायलला जाणारी हत्यारं आमचे कामगार चढवणार-उतरवणार नाहीत, गाझात लेकरं मरतायत. म्हंजे ज्याचे खांदे विकलेले आहेत तोसुद्धा एक पोतं खाली ठेवू शकतो. मजुरी विकली तरी नकार विकलेला नसतो. 'नकार' हा शब्द आपल्या साहित्यात समीक्षकांनी इतका घोळला की त्याचा चोथा झाला. पण तो साधा शब्द आहे. नाही. एवढंच. ते 'नाही' ज्यानं पैशात मोजून दिलं तो विकला गेला. मग त्यानं पाच रुपये घेतले की पाच लाख, फरक पडत नाही.

नामदेव ढसाळ. नाव घेतलं, अर्धे टाळ्या वाजवतील, अर्धे थुंकतील, माहीत होतं. १९७२ ला 'गोलपिठा' आला, त्याच वर्षी पँथर उभी राहिली. त्या पुस्तकानं मराठी भाषेच्या धोतराला हात घातला. ते पुस्तक कुणाच्या बापाला विकत घेता आलेलं नाही. पुढं १९७६ ला, आणीबाणी चालू असताना, त्याच कवीचं इंदिरा गांधींवरचं 'प्रियदर्शिनी' आलं. पुढं शिवसेनेच्या 'सामना'त लिहिणं आलं, १९९९ ला पद्मश्री आली. दुखणं मोठं होतं, औषधपाणी महाग होतं, सगळं खरं. त्या दुखण्यावर मी बोलणार नाही, साला माणूस होता तो. पण वरळीच्या दंगलीच्या दिवसांत, १० जानेवारी १९७४ ला, पँथरच्या मोर्च्यावर वरून दगड आला आणि भागवत जाधव मेला. आणि मराठवाड्यात नामांतराला जी सेना आडवी आली ती तुमच्या आजोबांनी दारात बघितलीय. त्या पेपरात बसायचं तर भागवत जाधवचं कडवं गाळावंच लागतं, माझ्या मते दुसरा इलाज नाही. पद्मश्रीनं ढसाळ विकला गेला नाही. त्या गाळण्यात गेला, जेवढा गेला तेवढा. आणि 'गोलपिठा' तरीही माझ्या उशाशी असतो. ज्यांना हे दोन्ही एकत्र झेपत नाही त्यांनी आपल्या घरी जावं.

दुसरं टोक विलास घोगरे. शाहीर, मुलुंडच्या झोपडपट्टीत राहणारा, डाव्यांच्या आव्हान नाट्य मंचात गायचा. त्याच्याच मंचानं त्याला बाहेर काढलं होतं. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलिसांनी गोळ्या घातल्या, दहा माणसं मेली. १५ जुलैला विलासनं डोक्याला निळं कापड बांधून गळफास घेतला. आनंद पटवर्धनांचा 'जयभीम कॉम्रेड' २०११ चा, तो सगळ्यांनी बघा. ज्यांना शुद्धतेची फार हौस आहे त्यांनी तर दोनदा बघा. शाहिराला शिस्तीचा हिशेब विचारणारे पुष्कळ असतात. त्याच्या घरी रॉकेल आहे का, हे विचारणारा एखादाच.

आणि न गाळल्याची किंमत काय, तीही ऐका. कबीर कला मंचाची शीतल साठे २ एप्रिल २०१३ ला विधानभवनासमोर सचिन माळीबरोबर पोलिसांच्या स्वाधीन झाली तेव्हा पोटुशी होती. गाणी गात गेली. त्याच मंचाचे सागर गोरखे, रमेश गायचोर, ज्योती जगताप यांना सप्टेंबर २०२० मध्ये अटक झाली. सरकारला गाणं विकत घेता आलं नाही की ते गाणाराला उचलतं.

आता आपल्या अंगणात या. मागच्या जयंतीला, गावाचं नाव घेत नाही, भीमगीतांचा कार्यक्रम होता. दोन पार्ट्या, सामना. लोक दहा-वीसच्या नोटा आणून हार्मोनियमवर ठेवत होते, गायक नाव पुकारत होता, अमुकतर्फे, तमुकतर्फे. हा पैसा मला फार आवडतो. तो कडव्यावर खूश होऊन येतो, कडवं गाळायला येत नाही. मध्येच समितीचा एक माणूस स्टेजवर चढला, गायकाच्या कानाशी लागला. म्हणाला, "बाकी समदं म्हणा, ते परभणीचं तेवढं ऱ्हाऊ द्या. साहेब येऊलालेत." साऊंडचे पैसे साहेबाचे होते. गायकानं माझ्याकडं बघितलं, कारण कडवं माझं होतं. मग त्यानं पुढचं गाणं धरलं.

परभणी तुमच्यापासून किती लांब? १० डिसेंबर २०२४ ला बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरच्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. लोक रस्त्यावर आले, पोलिस वस्त्यांत घुसले. सोमनाथ सूर्यवंशी, वडाराचं पोरगं, कायदा शिकणारं, १५ डिसेंबरला कोठडीत मेलं. सरकारनं दहा लाख देऊ केले. त्याच्या आईनं ते घेतले नाहीत. माझं कडवं असं होतं:

कायदा शिकणारा पोर कोठडीत मेला,
वहीतला धडा त्याचा उघडाच ऱ्हायला.
सरकार म्हणे, छातीत कळ आली त्याला,
माय म्हणे, मोजा वळ, मग माझ्याशी बोला.

कविता म्हणून फार मोठी नाही, मला माहीत आहे. पण त्या रात्री त्या मंडपात एवढ्या चार ओळींना भाव आला होता, तो साऊंडच्या भाड्याएवढा होता. आता बोला, विकलं कोण गेलं? गायक? त्याला अ‍ॅडव्हान्स दिला होता, परत जायचं होतं, कोरसच्या दोन पोरी गाडीत झोपल्या होत्या. त्याच्यावर मी बोट उचलत नाही. विकली गेली ती समिती. तिच्यावर कुणाचा दबाव नव्हता. वर्गणीत साऊंड बसत नव्हता तर छोटा आणायचा होता, बिनसाऊंडचं गायचं होतं. वामनदादांना कुठला साऊंड होता? एका आईनं दहा लाखांना नाही म्हटलं आणि आपल्या समितीला भाड्याच्या कर्ण्यांना नाही म्हणता आलं नाही.

आणि आजचा दिवसही तसाच जरा उलटून बघा. आपण नामविस्तार दिन म्हणतो, नामांतर दिन म्हणत नाही. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळानं ठराव केला, आणि मराठवाडा पेटवला गेला. टेंभुर्णीच्या पोचीराम कांबळेला ४ ऑगस्टला मारलं. सोळा वर्षं गेली. १४ जानेवारी १९९४ ला नाव मिळालं ते मराठवाड्याला चिकटवून मिळालं. आणि त्याच वर्षी १७ सप्टेंबरला नांदेडला वेगळं विद्यापीठ निघालं, स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाचं. नांदेड, परभणी, लातूर आणि पुढं जिल्हा झालेलं तुमचं हिंगोली, इथली कॉलेजं त्यात. स्वामीजी निजामाविरुद्ध लढले, त्यांच्याशी आपलं भांडण नाही. पण पोचीराम ज्या जिल्ह्यात मेला त्या जिल्ह्यातल्या पोराच्या डिग्रीवर बाबासाहेबांचं नाव नाही. तुमच्याही नाही. हे कडवं कुणी गाळलं, कुठल्या बैठकीत, कुणाला काय मिळालं, हे आपण तीस वर्षांत एकदाही मोठ्यानं विचारलं नाही. लाडू वाटले.

संयोजकांना एकच मागणं. आजच्या कार्यक्रमाचा जमाखर्च उद्या बुद्धविहाराच्या भिंतीवर लावा. कुणी किती दिले, कशाला गेले. मागच्या बॅनरवर चार पुढाऱ्यांचे फोटो आहेत, त्यांचंही लिहा, ते फुकट चढले की पैसे देऊन.

पार्टी केव्हाची बसलीय. हलगी तापलीय. शाहीर, सुरू करा, परभणीचं पहिलं घ्या, आणि सगळी कडवी म्हणा. कुणाला उठून जायचं असेल तर चपला डाव्या बाजूला आहेत.