जिथं हात लागतो, तिथं रंधा

(दहावी १९७६ च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला दहा मिनिटं दिलीत आणि विषयही दिलाय, हातानं करायचं सुतारकाम आणि त्याची हत्यारं. मी आयटीआयमध्ये सुतारकामाचा निदेशक होतो, त्यामुळे निदान हा माणूस विषय सोडून बोलणार नाही असा त्यांचा समज असावा. तो पूर्ण खरा ठरेल याची खात्री मी देत नाही.

येताना पिशवीतून चार वस्तू आणल्यात. हा वाकस. ही पटाशी. हा रंधा. आणि हा दगड. मागच्या बाकांवरच्यांना दगड दिसत नसेल तर काही बिघडत नाही, त्या वेळीही त्यांना फळा दिसत नव्हता.

पहिल्यांदा वाकस. कुऱ्हाडीचं पातं दांड्याच्या रेषेत असतं, वाकसाचं आडवं, कुदळीसारखं. कुऱ्हाड लाकूड तोडते, वाकस ते तासतो. आमचे अण्णा जमिनीवर उकिडवे बसायचे, लाकूड डाव्या पायाच्या अंगठ्याखाली दाबायचे आणि वाकस स्वतःकडे ओढत चालवायचे. पातं अंगठ्यापासून दोन बोटांवर येऊन थांबायचं. मी आयटीआयत असं कुणालाही करू दिलं नाही, शिकंज्यात लाकूड धरल्याशिवाय हत्यार उचलायचं नाही हा माझा नियम. पण अण्णांच्या दोन्ही पायांची दहाही बोटं शेवटपर्यंत शाबूत होती, हेही सांगायला हवं.

आपल्या कर्जत भागात सुतार म्हणजे दारं-खिडक्या करणारा माणूस नव्हता. दारं-खिडक्या वर्षाकाठी एखाद-दुसऱ्या. खरं काम औतांचं. नांगर, वखर, पाभर, जू, गाडी. मृगाच्या आधी आमच्या दारात औतांची रांग लागायची आणि पोळा झाला की ज्वारीच्या पाभरींची. तुमच्यापैकी अनेकांचे वडील त्या रांगेत बसलेले मला आठवतात, चिलीम ओढत, ‘माझं आधी कर’ म्हणत.

पाभरीचं काम मला आजही सगळ्यात अवघड वाटतं. दिंडात भोकं पाडून फण बसवायचे, एवढंच दिसतं. पण त्या भोकाचा कल जरा उभा झाला तर फण खोल घुसतो आणि बैल रडकुंडीला येतात. जरा आडवा झाला तर फण वरच्या वर सरकतो, बी कोरड्या मातीत पडतं आणि उगवत नाही. रब्बीची ज्वारी ओलीवर पडली पाहिजे, पुढं पाऊस येईलच याचा भरवसा नाही. म्हणजे एका घरची वर्षाची भाकरी त्या भोकाच्या कलावर. अण्णा माणसाला आधी विचारायचे, रान कोणतं, काळं की मुरमाड? बैल केवढाले? मग वितीनं आणि बोटांनी मापं घ्यायची, पटाशी लावायची. दोन घरांच्या पाभरी एकसारख्या कधीच नसत.

बाभळीचं लाकूड त्यांचं आवडतं. त्यातही रामकाठी सापडली तर ते खूष, कारण ती सरळ वाढते. बाभूळ ओली असताना वाकसाला ऐकते, वाळली की लोखंडाशी भांडते. म्हणून ओली असतानाच मोठं तासकाम उरकायचं, मग ओंडका पाण्यात टाकून ठेवायचा, म्हणजे कीड कमी लागते, आणि नंतर सावलीत महिनोन् महिने वाळवायचा. उन्हात वाळवला तर बाहेरून आधी आकसतो, आत ओला राहतो आणि तडकतो. गाडीच्या चाकाला सहा पुठ्ठे आणि बारा आरे, मधे तुंबा. लाकूड पुरतं वाळलेलं नसेल तर वर्षभरात सगळे सांधे खुळखुळतात. लोखंडी धाव गोवऱ्यांच्या जाळात तापवून, फुगवून चाकावर चढवायची आणि लगेच पाणी ओतायचं. ती आवळत जाताना सांधे कर्रकन आवाज करत बसतात. आम्ही पोरं तो आवाज ऐकायला शाळा बुडवायचो, आता सांगायला हरकत नाही.

त्रिंबक नारायण आत्रे यांचं ‘गांव-गाडा’ हे १९१५ सालचं पुस्तक आपल्यापैकी काहींनी वाचलं असेल. बलुतेदारांची कामं आणि हक्क त्यात मांडलेत. सुतार थोरल्या ओळीतला. ऐकायला बरं वाटतं. पण थोरल्या ओळीतल्या माणसालाही खळ्यावर जाऊन उभं राहावं लागायचं आणि किती पेंढ्या पदरात पडतील ते देणाऱ्याच्या तोंडाकडं बघून ठरायचं. मी अण्णांबरोबर जायचो. मला ते आवडायचं नाही.

१९७२ साली तर खळंच नव्हतं. आपण तेव्हा सहावी-सातवीत होतो, सुकडी सगळ्यांना आठवत असेल. औतं कुणी नीट करणार? बैलच विकले गेले होते. अण्णा दुष्काळी कामावर खडी फोडायला गेले. तिथं टिकावांचे आणि कुदळींचे तयार दांडे दोन-दोन दिवसांत मोडायचे. अण्णांनी एक मोडका दांडा उचलून बघितला. शिरा तिरप्या बाहेर पडलेल्या होत्या. करवतीला शीर कळत नाही, ती रेघेवर चालते. लाकूड फोडलं तर ते आपल्या शिरेनंच फुटतं, आणि मग शीर या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड राहते. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी बाभळीच्या फांद्या फोडून, वाकसानं तासून दांडे करायला सुरुवात केली. मुकादमानं त्यांना खडीवरून काढून दांड्यांवर बसवलं. हजेरी तीच. तो दांडा मी मुलांना दरवर्षी शिकवला, आणि मोडायला सांगितला. फोडून केलेला कुणाला मोडला नाही.

आता रंधा. रंध्याला मी फार वेळ देत नाही, तो सगळ्यांना माहीत असतो आणि सगळ्यांना चालवता येतो असं सगळ्यांनाच वाटतं. म्हशीच्या पाठीवरून हात केसांच्या दिशेनं फिरवा, तुळतुळीत. उलटा फिरवा, केस उभे राहतात. लाकडाचंही तेच. उलट शिरेनं रंधा मारला की कपच्या उपटतात. आणि पातं बोथट असेल तर सुलट मारूनही उपयोग नाही. म्हणून हा दगड. कुरुंदाचा. माझ्या मते या चौघांत हाच मोठा. पटाशीची धार साधारण पंचवीस-तीस अंशांत घासायची, आणि मागची बाजू दगडावर पूर्ण सपाट टेकवायची. बहुतेक जण मागची बाजू विसरतात. सप्टेंबर २०२३ मध्ये पीएम विश्वकर्मा योजना आली, अठरा कारागिरीत सुतार आहे, हत्यारांसाठी पंधरा हजारांपर्यंत मदत आहे. चांगलंच आहे. यंत्रं जरूर घ्या, मीही वापरतो. पण त्यातून एक दगडही घ्या म्हणतो मी सगळ्यांना.

आता विषय सोडून.

आपण आठवीत असताना शाळेनं बाकं दुरुस्त करायला अण्णांना बोलावलं होतं. दुपारच्या सुट्टीत ते व्हरांड्यात बसून तासत होते, अंगात बंडी, कानाला पेन्सिल. पोरं भोवती जमली. कुणीतरी विचारलं, हे तुझे वडील ना? मी नाही म्हणालो. म्हणालो, आमच्या गावचे आहेत. आणि पाण्याच्या हौदामागं जाऊन घंटा होईपर्यंत बसलो. अण्णांनी ऐकलं होतं. कारण त्या क्षणी वाकसाचा आवाज थांबला होता, आणि मग पुन्हा सुरू झाला. घरी त्यांनी कधीच विषय काढला नाही. मीही काढला नाही. ते २००४ साली गेले.

गेल्या वर्षी शाळेत लोखंडी बाकं आली आणि जुनी भंगारात निघाली. मुख्याध्यापकांना विचारून मी एक बाक घरी आणलं आणि ओट्यावर उलटं केलं. सांधा कुसू आणि सालाचा, म्हणजे एका लाकडाची जीभ दुसऱ्याच्या खाचेत, वरून लाकडी खुंटी. खिळा एकही नाही. पन्नास वर्षांनंतर हलत नव्हतं. पण बसायच्या फळीची खालची बाजू मात्र सगळी ओबडधोबड, वाकसाचे घाव तसेच. मला हसू आलं. लहानपणी मी खालची बाजूही रंधायला लागलो की अण्णा ओरडायचे, “जिथं हात लागतो तिथं रंधा मार. बाकीचं काय, आरशात बघायचंय का?” मग फळीच्या पुढच्या कडेवरून बोट फिरवलं. ती कड गोल केलेली होती, अगदी गुळगुळीत. गुडघ्याच्या मागचा भाग जिथं टेकतो, बरोबर तिथं. आपण सगळे अर्ध्या चड्डीत आणि परकरात बसायचो ना त्या बाकांवर.

त्या दुपारी ज्यानं विचारलं होतं तो आज समोर बसलाय. त्याला आठवत नसेल. ते माझे वडील होते.

शाळेच्या मागच्या खोलीत अजून नऊ बाकं आहेत, पाच दुरुस्त होण्यासारखी. मुख्याध्यापकांनी शनिवारची दुपार दिलीय, नववीची बारा मुलं-मुली येणार आहेत. मला हत्यारं कमी पडतायत. तुमच्या घरी माळ्यावर जुना वाकस, करवत, पटाशी गंजत पडली असेल तर आणून द्या. दांडा मोडलेला असला तरी चालेल, धार गेलेली असली तरी चालेल. पातं तडकलेलं मात्र आणू नका, ते कुणाच्या तरी डोळ्यात जाईल. पुढच्या शनिवारी दोन वाजता मी तिथं आहे.