आपल्या शिवारातला रांजण आणि येरवड्याचं म्युझियम

(या भागाचा पूर्ण मजकूर. बोलताना जसं बोललो तसंच ठेवलंय, थोडंफार नीटनेटकं केलंय.)

कानात इअरफोन असतील, कुणी कंपनीच्या बसमध्ये असेल, कुणी उसाला पाणी धरत असेल. ऐकत राहा.

मागच्या दोन-तीन भागांपासून 'एका दिवसात बघण्यासारखी ठिकाणं' असं चाललंय आपलं. बऱ्याच जणांनी लिहिलं की पुण्यातली म्युझियमं घे. घेतो. पण शनिवारवाडा मी सांगणार नाही, तो तुम्ही शाळेच्या सहलीत बघितलाय आणि तिथं बाकरवडीही खाल्लीय. केळकर म्युझियम मात्र बघितलं नसेल तर जरूर बघा. बाजीराव रस्त्याजवळ आहे. दिनकर केळकरांनी आयुष्यभर फिरून अडकित्ते, दिवे, दरवाजे, वाद्यं, भांडी असं वीस हजारांच्या वर सामान जमवलं आणि सात वर्षांचा असताना गेलेल्या आपल्या मुलाच्या नावानं, राजाच्या नावानं, ते म्युझियम उभं केलं. कोथरूडच्या मस्तानी महालाचा भागही तिथं आणून बसवलाय. दोन तास सहज जातात. एवढंच सांगतो आणि पुढं जातो, कारण आज मला बोलायचंय ते वेगळ्याच ठिकाणाबद्दल.

येरवड्याला डेक्कन कॉलेज आहे. नावात डेक्कन आहे म्हणून लोक डेक्कन जिमखान्यावर जाऊन शोधतात, तसं करू नका. १८२१ साली सुरू झालेली संस्था, जुनी दगडी इमारत, मोठी झाडं. टिळक इथं शिकले. खराडीत, विमाननगरला आपली इतकी पोरं नोकरीला आहेत, रोज त्या बाजूनं जातात, पण आत गेलेला एकही माझ्या ओळखीत नाही. तिथं पुरातत्त्व विभागाचं म्युझियम आहे. आणि त्या म्युझियममधली सगळ्यात भारी वस्तू कुठून आलीय माहितीय? इनामगावातून. आपलं इनामगाव! न्हावऱ्यापासून गाडीवर टाकलं की पोहोचलो, एवढ्या अंतरावरचं.

ती वस्तू म्हणजे मातीचा एक रांजण. पण त्याला चार पाय आहेत. जाड, आखूड, ठेंगणे पाय, आणि वरचा आकार पोट सुटलेल्या माणसाच्या धडासारखा. सापडला तेव्हा त्याच्या आत एक माणूस होता. म्हणजे सांगाडा. साधारण चाळिशीतला पुरुष, मांडी घालून बसवलेला. पाच खोल्यांच्या एका घराच्या अंगणात त्याला असं पुरलं होतं, सुमारे तीन हजार वर्षांपूर्वी.

आता यातली गंमत बघा. इनामगावात मोठ्या माणसांना पुरताना सहसा आडवं, डोकं उत्तरेला करून पुरायचे आणि घोट्याखाली पाय तोडलेले असायचे. का तोडायचे? मेलेला माणूस भूत होऊन परत चालत येऊ नये म्हणून, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. पण या रांजणातल्या गड्याचे पाय शाबूत! म्हणजे हा कुणीतरी मोठा माणूस असणार. घर पाच खोल्यांचं, शेजारी धान्याचं कोठार. म. के. ढवळीकर सरांचं म्हणणं होतं की हा गावाचा प्रमुख असावा. आजच्या भाषेत सरपंच म्हणा, पाटील म्हणा.

आणि लहान मुलं? दोन मडकी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवायची, आत बाळ, आणि ते घरातल्याच जमिनीखाली पुरायचं. घराबाहेर नाही, घरात. जिथं आई स्वयंपाक करते, झोपते, तिथंच खाली. ती जोडमडकी समोर आली की हसणं-बोलणं थांबतं.

थोडी माहिती देतो, कारण ही आपल्या मोबाईलवर सहसा कुणी फॉरवर्ड करत नाही. घोड नदीच्या काठावर इनामगावला १९६८ ते १९८३ अशी पंधरा वर्षं डेक्कन कॉलेजनं उत्खनन केलं. सांकलिया, ढवळीकर, अन्सारी ही त्यातली मोठी नावं. वस्ती होती साधारण इसवी सनापूर्वी १६०० ते ७००. म्हणजे शिवनेरी, देवगिरी, सातवाहन, सम्राट अशोक, सगळ्यांच्या आधी. शंभराहून जास्त घरांचे अवशेष मिळाले. चुली मिळाल्या, धान्य साठवायची पेवं मिळाली, कणगी ठेवायचे ओटे मिळाले. पीक काय? गहू, सातू, वाटाणा, डाळी, तीळ. बोरं, जांभळं, आवळे खायचे. घोडेचे मासे, खेकडे खायचे. नदीतल्या मगरीची हाडंसुद्धा मिळाली. म्हणजे घोडेत तेव्हा मगर होती, आणि आता आपण वाळू कुठं शिल्लक आहे ते शोधतोय. असो.

त्या लोकांनी पुराचं पाणी वळवायला पाट खणला होता आणि दगडमातीचा बांध घातला होता. पाण्याचं नियोजन! आपण चासकमानच्या आवर्तनाची वाट बघत बसतो, पाटाला पाणी कधी सुटणार म्हणून ग्रुपवर मेसेज टाकतो. हेच डोकं त्यांनी याच मातीत चालवलं होतं. पुढं शेवटच्या काळात मात्र मोठी चौकोनी घरं गेली आणि लहान गोल झोपड्या आल्या. शेती आटली, शिकार वाढली. मग गाव उठलं. पाऊस कमी झाला म्हणून असं झालं, असं ढवळीकर म्हणत. पुढच्या अभ्यासकांनी मुलांची हाडं, दात तपासले आणि प्रश्न काढले की कारण एवढं सरळ आहे का. वाद चालू आहे. चांगली गोष्ट आहे, वाद चालू राहावा.

आता तुम्ही म्हणाल, एवढं भारी आहे तर आम्हाला कुणी सांगितलं कसं नाही? इथंच मला जास्त बोलायचंय. सीबीएसईच्या सहावीच्या इतिहासाच्या पुस्तकात इनामगाव होतं. म्हणजे दिल्लीची, केरळची पोरं परीक्षेत लिहायची की इनामगाव घोड नदीवर आहे. आणि आपल्याकडं? जुन्या माणसांना विचारलं तर सांगतात, 'पांढरीवर कॉलेजवाले खणायचे'. पांढरी म्हणजे जुन्या वस्तीची राखाडी-पांढरी माती. तीच माती लोकांनी वर्षानुवर्षं गाड्या भरून शेतात खत म्हणून टाकली. महाराष्ट्रात ठिकठिकाणी असं झालंय. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही, कुणी समजावून सांगितलंच नव्हतं.

माझ्या टीममधला एक जण रशियात वेलीकी नोव्हगोरोड बघून आला. जुनं शहर, सेंट पीटर्सबर्गहून तीनेक तासांवर. फोटो दाखवत होता. तिथं ओल्या चिखलामुळं लाकूड, झाडाची साल कुजत नाही. १९५१ च्या जुलैमध्ये खोदकामावर कामाला आलेल्या नीना अकुलोवा नावाच्या बाईंना बर्च झाडाच्या सालीची एक गुंडाळी सापडली, त्यावर अक्षरं कोरलेली. त्यानंतर अशा हजाराच्या वर चिठ्ठ्या निघाल्या. उसनवारी, भांडणं, लग्नाच्या गोष्टी. ओनफिम नावाच्या सहा-सात वर्षांच्या पोरानं अभ्यास सोडून काढलेली घोडेस्वाराची चित्रंसुद्धा, आठशे वर्षांपूर्वीची. मला आवडलं ते वेगळंच. यातल्या पुष्कळ चिठ्ठ्या त्याच गावातल्या किल्ल्यातल्या म्युझियममध्ये आहेत. जिथं खणलं, तिथून चालत जाऊन बघता येतात. तिथल्या पोराला आपल्या गावाचा इतिहास बघायला परगावी जावं लागत नाही.

मग रांजण परत इनामगावला आणायचा का? मित्रांमध्ये यावरून जोरदार भांडण झालं. अर्धे म्हणाले, आपला आहे, आपल्याकडंच पाहिजे. मला नाही पटत. मातीची वस्तू आहे, सांभाळायला माणसं लागतात, खोली लागते, आणि त्या सांगाड्यावर, दातांवर अजून अभ्यास होतोय. कॉलेजनं खणलं, सांभाळलं, जाडजूड अहवाल छापला, ते त्यांचं काम त्यांनी केलं. पण एक प्रतिकृती इथं का नको? आपल्याकडं कुंभार आहेत, थ्रीडी स्कॅन करणारी इंजिनियर पोरं आहेत. झेडपीच्या शाळेत एका कोपऱ्यात चार पायांचा रांजण आणि शेजारी मराठीत एक फलक. गणपती मंडळाच्या एका दिवसाच्या डीजेच्या खर्चात हे बसतं. (हो, मुद्दाम बोललो.)

जायचं कसं ते सांगतो. न्हावरा फाट्यावरून नगर रोडनं शिक्रापूर, वाघोली, पुढं येरवडा. वाघोलीपासून पीएमपी मिळते. विद्यापीठाचा परिसर आहे, त्यामुळं गट घेऊन जाणार असाल तर आधी फोन करून वेळ विचारा, शाळेचं पत्र असेल तर बरं. आत गेल्यावर रांजण बघून लगेच सेल्फी काढून निघू नका. डोकं नसलेल्या देवीची मातीची मूर्ती इनामगावला एका मातीच्या पेटीत मिळाली होती, सोबत एक बैल. घराच्या जमिनीखाली पुरलेली. ती कुणी पुरली, कशासाठी, याचा विचार करत पाच मिनिटं थांबा.

शेवटचं, कामाचं. शेततळं खणताना, विहिरीचं काम चालू असताना, जेसीबीच्या दातात खापरं, हाडं, मणी आले तर मशीन थांबवा. फोटो काढा, जागा हलवू नका, तलाठ्याला आणि तहसीलला कळवा. १८७८ चा कायदा आहे, निखात निधीचा, तो अजून चालू आहे. जमिनीत दडलेली दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीची वस्तू मिळाली तर कलेक्टरला कळवावं लागतं. लोक घाबरतात, जमीन जाईल म्हणून. म्हणूनच गुपचूप बुजवून टाकतात. ही भीती खरी आहे, तिची चेष्टा करू नका, पण निदान फोटो तरी काढून ठेवा.

शाळेच्या सहलीचं कुणाला जमवायचं असेल तर मला मेसेज टाका, दोन शिक्षकांनी आधीच हो म्हटलंय. आणि पुढच्या भागात जुन्नर. पंधराव्या शतकात अफनासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी घोडा घेऊन तिथं आला, अख्खा पावसाळा अडकला आणि तिथल्या सरदारानं त्याचा घोडाच काढून घेतला. त्याचं पुढं काय झालं ते तेव्हा सांगतो.