लपवूं नका, उशीर करूं नका
(वर्तकनगर येथें दिलेलें भाषण)



चारचौघांत जें बोलावयास आपण संकोचतों, त्याविषयींच आज आम्ही बोलणार आहों. कांहीं बालकें गुदद्वाराविनाच जन्मास येतात. सुमारें ५,००० जन्मांमागें एकाच्या वांट्यास हें व्यंग येतें.

गर्भाच्या पहिल्या कांहीं आठवड्यांत मलाचा व मूत्राचा मार्ग एकच असतो. पुढें ते वेगळे होतात. ही विभागणी अपुरी राहिली कीं व्यंग उद्भवतें. ग्रहणांत आईनें विळी हातीं धरली म्हणून असें झालें, हें म्हणणें खोटें आहे; बाळंतिणीस बोल लावणें हा तर अन्याय होय.

बालकास पहिल्या चोवीस तासांत काळी शी झाली पाहिजे, आणि ती योग्य जागेंतून झाली पाहिजे. मुलींमध्यें ती पुष्कळदा योनिमार्गाजवळील लहानशा छिद्रांतून येते, आणि घरचीं माणसें निश्चिंत राहतात. यासाठीं जागा डोळ्यांनीं पाहावी. पोट फुगलें किंवा हिरवी ओकारी झाली, तर क्षणाचाही विलंब नको.

या व्यंगावर उपाय आहे. १८३५ सालीं पॅरिसच्या आम्युसा यांनीं आंतडें खालीं ओढून त्वचेस शिवलें. १९८० सालीं मेक्सिकोंत डॉ. आल्बेर्तो पेन्या यांनीं मागील बाजूनें मध्यरेषेवर छेद घेऊन, स्नायू नीट ओळखून, आंतडें त्यांच्या मधोमध बसविण्याची रीत घालून दिली; ती आज जगभर रूढ आहे. सौम्य प्रकारांत एक शस्त्रक्रिया पुरते. इतरांत बहुधा तीन लागतात: प्रथम पोटावर तात्पुरता शौचमार्ग, मग गुदद्वार, शेवटीं पोटावरील मार्ग बंद करणें. परळचें बाई जेरबाई वाडिया बालरुग्णालय १९२९ पासून मुलांच्या सेवेंत आहे. तें आपल्या ठाण्याहून दूर नाहीं.

परंतु खरी कसोटी पुढें घरींच लागते. नवें द्वार आकसूं नये म्हणून कित्येक महिने ठरलेल्या मापाची गुळगुळीत सळई रोज आंत घालावी लागते. बाळ रडतें, आईचा हात थरथरतो. तरी हें काम मध्येंच सोडून चालत नाहीं. कांहीं मुलांना मोठेपणींही शौचावर ताबा येत नाहीं. डॉक्टरांच्या सल्ल्यानें रोज एनिमा दिल्यास त्यांतील पुष्कळ जणांना दिवसभर शाळेंत निर्धास्त बसतां येतें.

येथें शेजाऱ्यांचें कर्तव्य सुरू होतें. पोटावरील पिशवी पाहून नाक मुरडूं नका. आई इस्पितळांत असतां तिच्या थोरल्या मुलांस जेवूं घाला. अशा मुलास खेळांत घ्या. शस्त्रक्रिया डॉक्टर करतील. त्या मुलाची लाज मात्र आपणच दूर केली पाहिजे.