ग्रीनव्हिलचा शिंपी



१८२४ साली नॉर्थ कॅरोलिनातल्या रॅले गावी एका शिंप्याने वर्तमानपत्रात जाहिरात दिली. दुकानातली दोन उमेदवार पोरं पळाली आहेत, आणून देईल त्याला दहा डॉलर बक्षीस! दोघे सख्खे भाऊ. धाकटा अँड्र्यू जॉन्सन तेव्हा पंधरा वर्षांचा. बाप लहानपणीच गेलेला, आई लोकांचे कपडे धुणारी. एकवीस वर्षांचा होईपर्यंत पोरगा दुकानात राबेल, असा करार झालेला. शाळेत तो एक दिवसही गेला नाही.

पण त्या दुकानात एक नामी रिवाज होता. कारागीर मांडी घालून शिवत बसत आणि गावातला कुणी शिकलेला माणूस त्यांना नामवंत वक्त्यांची भाषणं वाचून दाखवी. हात गुंतलेले, कान मोकळे. वाचनाची आणि वक्तृत्वाची गोडी पोराला तिथे लागली.

१८२६ मध्ये तो डोंगर ओलांडून टेनेसीतल्या ग्रीनव्हिलला आला. पुढच्या वर्षी चपला-बूट शिवणाऱ्या कारागिराच्या मुलीशी, एलायझाशी, त्याचं लग्न झालं. लिहिणं आणि हिशेब तिने शिकवले. मग त्याने दुकान थाटलं, आणि शिंप्याच्या दुकानात गिऱ्हाइकांपेक्षा गप्पा मारणारेच जास्त, हे आपण जाणतोच. त्या अड्ड्यानेच त्याला १८२९ मध्ये नगरपालिकेत पाठवलं. १८३४ ला नगराध्यक्ष, १८३५ ला राज्याचा आमदार. रेल्वेला सरकारी पैसा देण्याला विरोध केला म्हणून १८३७ ला पडला, दोन वर्षांनी पुन्हा निवडून आला. १८४३ पासून दहा वर्षं वॉशिंग्टनला खासदार. तेव्हा विरोधकांनी त्याच्या मतदारसंघाची अशी काही फेररचना केली की निवडून येणंच अशक्य व्हावं. (ही युक्ती इथे कुणाला समजावून सांगायला नको.) जॉन्सनने सरळ गव्हर्नरपदाची निवडणूक लढवली आणि त्या फेररचनेचं खापर ज्याच्यावर फोडलं जात होतं, त्या गुस्टाव्हस हेन्रीलाच हरवलं.

बडे मळेवाले त्याला शिंपी म्हणून हिणवत. तो भर सभेत सांगे, होय, मी शिंपी. माझे कोट अंगाला नीट बसत आणि वायद्याला मिळत. गव्हर्नर असताना, पूर्वी लोहार असलेल्या एका न्यायाधीशाने त्याला स्वतःच्या हाताने घडवलेली वस्तू भेट पाठवली, तर याने परतफेड म्हणून कोट शिवून दिला. सार्वजनिक शाळांसाठी राज्यभर कर बसला तो त्याच्याच कारकिर्दीत. आणि भूमिहीनाला १६० एकर सरकारी जमीन मिळावी, या मागणीचा पिच्छा त्याने खासदार झाल्यापासून पुरवला. तो कायदा १८६२ मध्ये झाला.

इथवर हा माणूस आपल्याला आवडतो. पण याच शिंप्याने हातात पैसा आल्यावर डॉली आणि सॅम या भावंडांना गुलाम म्हणून विकत घेतलं होतं. मळेवाल्यांशी त्याचं वैर होतं ते त्यांनी त्याला खालचा मानलं म्हणून. माणसं विकत घेतली म्हणून नव्हे. १८६१ मध्ये टेनेसी फुटून निघालं, तरी तो सिनेटमध्ये संघराज्याच्या बाजूने ठाम राहिला. हे धैर्य खरंच. त्या धैर्यापोटीच लिंकनने त्याला उपाध्यक्षपदासाठी सोबत घेतलं, आणि लिंकनच्या खुनानंतर तो अमेरिकेचा अध्यक्ष झाला.

मग काय केलं? यादवी युद्धाच्या काळात मुक्त गुलामांना कसायला दिलेल्या जमिनी त्याने बहुतांशी जुन्या मालकांच्या घशात परत घातल्या. १८६६ चा नागरी हक्कांचा कायदा त्याने नकाराधिकार वापरून अडवला. काँग्रेसला तो त्याच्या डोक्यावरून मंजूर करावा लागला. भूमिहीनांसाठी उभी हयात भांडलेला माणूस, पण त्याच्या लेखी भूमिहीन म्हणजे गोरा भूमिहीन. १८६८ च्या महाभियोगातून तो एका मताने सुटला, ही त्यामानाने किरकोळ गोष्ट.

जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती निग्रो गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना. त्यांच्यात मी जॉन्सनला बसवणार नाही.

रानड्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली त्याच १८७५ मध्ये टेनेसीने त्याला पुन्हा सिनेटवर पाठवलं. माजी अध्यक्षाने सिनेटर होण्याचं ते एकमेव उदाहरण. जुलैअखेर तो वारला. त्याच्या घरचे गुलाम ८ ऑगस्ट १८६३ ला मोकळे झाले असं मानतात. टेनेसीत तो दिवस आजही मुक्तिदिन म्हणून पाळतात, आणि ग्रीनव्हिलला तो साजरा करण्यात पुढाकार होता सॅमचा.